आज एकट्यानेच टाळी वाजवली

अंगात कणकण होती, म्हणून दुपारी 1972 चा 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट' हा भयपट पुन्हा लावला. पाच गोष्टी, पाच पापी, पाचही जणांचा हिशेब चुकता. तीन गोष्टी ठीकठाक आहेत. दोन मात्र डोक्यातून जात नाहीत.

एकीत पीटर कुशिंग हा ब्रिटिश नट. कुत्र्यांवर आणि पोरांवर जीव लावणारा म्हातारा. शेजारचे बापलेक त्याचं एकेक सुख हिरावून घेतात आणि शेवटी व्हॅलेंटाइनच्या दिवशी त्याला घाणेरड्या कवितांची कार्डं पाठवतात. तो ती वाचतो तिथे मी पॉज केलं. कुशिंगची बायको 1971 च्या जानेवारीत गेली होती. त्या चेहऱ्यावरचं एकटेपण मला तरी अभिनय वाटत नाही. वर्षभराने तो मेलेला म्हातारा थडग्यातून उठतो तेव्हा भीती कसली, 'आलास का बाबा!' असंच वाटतं.

दुसरी अंधांच्या आश्रमाची. नवा मुख्य जेवणात, पांघरुणांत, शेगडीत काटकसर करतो आणि स्वतः ऐषारामात राहतो. एक जण मरतो. मग ही माणसं तळघरात निमूट सुतारकाम करतात. अरुंद बोळ, दोन्ही भिंतींना दाढीची पाती, मध्ये तो मुख्य, मागे त्याचाच उपाशी कुत्रा. आणि दिवा मालवतात.

इथे मी टाळी वाजवली. (ताप असेल.)

नंतर चहा करताना आठवलं, त्या कुत्र्याला उपाशी ठेवलं होतं ते याच लोकांनी. त्याने बिचाऱ्याने कुणाचं काय बिघडवलं होतं?