दोन्हीकडचा पावसाळा: आर्वी ते मलकाल

युनोच्या शांतिसेनेत निघालेल्या आपल्याकडच्या जवानाची वाट अशी: आर्वीहून एसटीने नागपूर, रेल्वेने दिल्ली, तिथून विमानाने दक्षिण सुदानची राजधानी जुबा आणि पुढे युनोच्या छोट्या विमानाने मलकाल. मलकाल जवळ आलं की पांढऱ्या नाईलच्या काठाने जमीन दिसू लागते, आणि वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला ती लगेच ओळखू येते. काळी, कपाशीची. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसात पाय निघणार नाही असा चिखल.

2011 पासून इथे युनोची शांतिसेना आहे आणि आपल्या पलटणी तिच्यात आहेत. गस्तीची गाडी चिखलात बसते तेव्हा चाक आणि मडगार्डमध्ये माती गच्च भरलेली असते. ड्रायव्हर रेस देत राहिला की गाडी थेट ॲक्सलवर टेकते. अशा वेळी रेस सोडायची, फावड्याने मडगार्ड मोकळं करायचं, टायरची हवा थोडी कमी करायची, चाकाखाली फळ्या सारायच्या आणि गाडी आल्या चाकोरीनेच मागे ओढायची. शेतकऱ्याच्या पोराला यातलं निम्मं शिकवावं लागत नाही.

खरी पंचाईत वेगळी आहे. तिकडचा पाऊस साधारण मे ते ऑक्टोबर. म्हणजे इकडे पेरणी, डवरणी, फवारणी चालू, पोळा तोंडावर, आणि नेमके तेव्हाच तिकडे रस्ते बंद, गस्त लांबलेली, नेट रुसलेलं. वावराचं काहीही असो, ते निघण्याआधी मिटवा. सालदार ठेवायचा की मक्त्याने द्यायचं, हेसुद्धा.

जमीन तुमच्या नावावर असेल तर मुखत्यारपत्र गावातच करून घ्या. तिकडून करायचं तर जुब्याच्या भारतीय दूतावासात सही करावी लागते, आणि कागद भारतात आल्यावर 3 महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. मलकालहून जुब्याला जायला रजा, विमानात जागा, सगळंच जुळावं लागतं. पीककर्जाच्या नूतनीकरणाला बँक कोणाची सही चालवते, तेही आधी विचारा. काही शाखा स्वतःच्याच नमुन्यातलं पत्र मागतात. ओटीपी ज्या सिमवर येतो ते सिम घरी ठेवा आणि त्याचा रिचार्ज चुकू देऊ नका.

पैशाबद्दल गावात उगाच बोभाटा होतो, पोरगा डॉलरात कमावतो म्हणून. युनो जवानाच्या हातात रोजचे 1.28 डॉलर देते. बाकी मोठी रक्कम सरकारला जाते. आपल्याला आपला पगार आणि परदेश भत्ता. उसने मागणाऱ्यांना हे आईबाबांनीच सांगितलेलं बरं.

घड्याळात साडेतीन तासांचा फरक आहे. तिकडे साडेचार वाजले की घरी आठ, जेवणाची वेळ. तीच फोनची वेळ ठरवा. जवानाने जेवून निवांत नऊला लावला तर इकडे साडेबारा, अख्खं घर धसकून उठतं. चार दिवस फोन आला नाही तर गस्त समजायची. हे बायकोला आधीच सांगून ठेवावं. गस्त कुठे, कधी हे मात्र फोनवर नको, फोटो तर नकोच.

जवसाची चटणी नेऊ नका. कुटलेल्या जवसाचं तेल हवा लागली की खवट होतं. भाजून गार केलेले अख्खे जवस, तिखट आणि मीठ वेगवेगळं न्या, तिथे लागेल तेवढंच कुटा. ज्वारी तिथल्या लोकांचंही मुख्य धान्य. तिचं पीठ आंबवून केलेली पातळ पोळी, किसरा, मिळाली तर खाऊन पाहा. आपल्या सेनेचा तिथे जनावरांचा दवाखानाही आहे. लग्नात गाई मोजून देणारा मुलूख तो, त्यामुळे जनावरांच्या डॉक्टरला मोठा मान. घरूनही फोनवर हटकून त्याच गाईंची चौकशी होते.

पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस घरून निघण्याच्या किमान 10 दिवस आधी हवी. तिचं पिवळं कार्ड पासपोर्टमध्येच ठेवा, परतताना विमानतळावर ते मागतात. मलेरियाच्या गोळ्या रजेवर आल्यावरही डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस चालू ठेवायच्या, डॉक्सीसायक्लीन असेल तर 4 आठवडे. गावात ताप आलाच तर व्हायरल म्हणून अंगावर काढू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त द्या आणि आफ्रिकेतून आलोय हे आधी सांगा.