तुम्ही विचारलंत म्हणून: 'पश्चात्तापा'त त किती?

दोन. 'पश्चात्ताप' बरोबर, 'पश्चाताप' चूक. एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही. 'पण बोलताना एकच ऐकू येतो' हे पुढचं वाक्य ठरलेलं. तेव्हा एकदाच नीट फोड करतो.

पश्चात् म्हणजे मागाहून. ताप हा तप् धातूचा: तापणं, होरपळणं. आधी कृत्य, मागाहून होरपळ. पहिल्या शब्दाच्या शेवटी त्, दुसऱ्याच्या आरंभी त. संधीत दोघेही टिकतात. पुढे ब असता तर त् चा द् झाला असता, 'पश्चाद्बुद्धी'त होतो तसा. पुढे त असताना तो बदलायचंही कारण नाही, मग गळायचं कुठून?

उच्चाराचा मुद्दा अगदीच खोटा नाही, हेही कबूल. 'चा' दीर्घ, लगेच जोडाक्षर. जीभ एक त सोडून देते. आणि प्राकृताकडे वळलं की माझी बाजू आणखी लंगडी पडते. तिथे शब्दाच्या शेवटी व्यंजन उरतच नाही. पश्चात् चा पच्छा झाला आणि पालीत 'पच्छाताप' आला, एकाच त चा. त्याच वाटेनं हिंदीत पछतावा, मराठीत पस्तावा. हिंदीतल्या छ च्या जागी मराठीत अनेकदा स येतो: पूछना-पुसणे, मछली-मासा. ताप मधल्या प चा व झाला. 'तावून सुलाखून' मधलं तावणंही त्याच घरचं.

म्हणजे तो त् केव्हाच गेला होता. मग 'पश्चाताप' का नको? कारण त्यात श्च संस्कृतातला जसाच्या तसा ठेवलाय आणि त् तेवढा गाळलाय. गाळायचाच तर सरळ पस्तावा म्हणा की! उद्या कोशांनी 'पश्चाताप' स्वीकारला तर? पूर्वी मला हे अशक्य वाटे, आता तितकंसं वाटत नाही. पण आज मुद्रितशोधकाच्या हाती मजकूर गेला तर तो त् घालणारच.

'हळहळ म्हणजे तेच ना?' असंही विचारतात. नाही. गाडी चुकली तर हळहळ. पश्चात्तापाला स्वतःचं कृत्य लागतं, किंवा स्वतः टाळलेलं. पाप मात्र या शब्दाच्या फोडीत कुठेच नाही, ते वापरातून चिकटलं. दिलगिरी व्यक्त करता येते, न वाटताही. पश्चात्ताप बहुधा 'होतो': 'तो पस्तावला' म्हणतो, पण 'त्याला पश्चात्ताप झाला'.