तुम्ही विचारलंत म्हणून: पोषण आहार संगणकावर का तपासतो?

जळगावला घरी गेलो की, धुळ्याला कुणाच्या लग्नात भेटलो की, प्रश्न ठरलेला: "शाळेत जाऊन बघायचं सोडून खिचडी संगणकावर कसली तपासतोस?" एकदाच नीट सांगतो.

1995 साली शाळेतल्या पोषण आहाराची योजना आली तेव्हा मुलाला महिन्याला तीन किलो धान्य घरी मिळायचं. उशीर झाला तरी पुढे भरून निघायचा. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं अन्न द्यायला सांगितलं. तेव्हापासून चुकलेला दिवस कायमचा चुकतो. पाचवीपर्यंतच्या मुलाचे रोजचे 100 ग्रॅम तांदूळ त्याच दुपारी चुलीवर हवेत. म्हणून मी गोदामं, रस्ते, शाळांच्या कोठ्या संगणकात मांडतो आणि तेच वर्ष हजार वेळा चालवतो, दर वेळी पाऊस वेगळा, हजेरी वेगळी. चूल किती दिवस थंड राहिली ते मोजतो. खऱ्या शाळेवर हे करायचं तर मुद्दाम तांदूळ उशिरा पाठवावा लागेल. ते तुम्ही कराल?

पण तुमचा प्रश्न बोचतो, तो वेगळ्याच कारणाने.

नंदुरबारच्या डोंगरातल्या अक्राणी तालुक्यातला एक पाडा. तिथे तांदळाच्या गाडीला पोचायला लागणाऱ्या दिवसांची मी वर्षाची सरासरी काढली: चार. मग दहा दिवसांचा साठा पुरे, असं लिहून दिलं. जादा पोती तापीकाठच्या मोठ्या पटाच्या शाळांकडे वळली. ऑगस्टमध्ये नाला उतरेना. साठा दहाव्या दिवशी संपला, गाडी तेविसाव्या दिवशी पोचली. मी त्याच गाडीत होतो. मधली सुट्टी झाली आणि मुलं सवयीने थाळ्या घेऊन ओळीत बसली. चूल पेटलेलीच नव्हती. स्वयंपाक करणाऱ्या ताईंनी आधी तीन दिवस घरच्या मक्याच्या भाकरी करून घातल्या होत्या, मग त्यांच्याच घरचं पीठ सरलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "भाऊ, गाडी येणार नाही हे आधी सांगायचं ना. पोरांना घरून खाऊन या म्हटलं असतं."

तेव्हाचा मी अजून वाद घालतो: सरासरी चूक नव्हती, मिळालेले आकडे मांडले. खरं आहे. कोरड्या महिन्यांत गाडी दोन दिवसांत पोचते, भर पावसात पंधरा-वीस लागतात. पावसातल्या फेऱ्या मोजक्या, म्हणून सरासरी चारच येते. पण नाला कोणत्या महिन्यात अडवतो, हे मी पाड्यावर कुणालाच विचारलं नव्हतं. तेव्हा शाळेत जायलाच हवं होतं, हे तुमचं म्हणणं मान्य. मात्र नुसतं जाऊन काय दिसलं असतं? मी मे महिन्यात गेलो असतो तर कोठी भरलेलीच दिसली असती.

आता प्रत्येक महिन्याचा उशीर वेगळा धरतो. ताईंचं मानधन थकलं आणि त्या मजुरीला गेल्या, तर तो दिवसही मोजतो. नवं उत्तर सांगतं की या पाड्यावर पावसाआधी महिनाभराचा तांदूळ ठेवा. पण कोठीची खोली गळते. ओल लागली की तांदळात पोरकिडे होतात, आणि किती पोती वाया जातील ते मला मांडता येत नाही. मे महिन्यात ताईंना विचारायला जातोय.