तू असताना कुत्रा कशाला?

पुण्याहून फोनवर आई विचारते, इथे टेक्सासात हळदीकुंकवाला काकू विचारतात, नणंदेनेही विचारून झालं: "अगं, तू आहेस ना घरात? मग त्याला कुत्रा कशाला?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट सांगते. माझ्या नवऱ्याचं अमेरिकन सैन्यात जाणं, इराक, तिथून आल्यावर युद्धाच्या आघाताने जडलेला मानसिक आजार (पीटीएसडी), औषधांच्या गोळ्या, समुपदेशन हे सगळं तुम्हाला माहीत आहे.

रोझी लाडासाठी आणलेली नाही, शिकवून तयार केलेली आहे. रांगेत ती त्याच्या पाठीशी उभी राहते, म्हणजे मागून कोणी चिकटत नाही. त्याचा पाय थरथरायला लागला की नाकाने मांडी ढोसते. इथल्या अपंगत्व कायद्यानुसार दुकानदार दोनच गोष्टी विचारू शकतो: कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का, आणि त्याला कोणतं काम शिकवलंय. कागद मागता येत नाही. देवळांना हा कायदा लागू नाही. त्यामुळे आरतीच्या वेळी आम्हाला दारात थांबवलंत ते कायद्याने बरोबरच होतं. नुसतं कायद्याने.

आता रोझीच्या आधीची एक रात्र. तो झोपेत दात खात होता, लाथा झाडत होता. कोणतीही बायको करेल तेच मी केलं, खांद्यावर हात ठेवला. त्याचे डोळे उघडले, पण समोर मी आहे हे त्याला कळत नव्हतं. मनगट पिरगळलं गेलं आणि मी पलंगाशेजारच्या कपाटावर आपटले. मग तो जागा झाला. खरा त्रास तिथून पुढे. त्याने दिवा लावला, माझा हात पाहिला, बर्फ आणून दिला आणि एक शब्द न बोलता गॅरेजमध्ये जाऊन गाडीत बसला. सकाळपर्यंत. त्यानंतर तो बाहेर सोफ्यावर झोपायला लागला आणि मी आत कान देऊन पडून राहायचे. "काही झालं नाही रे," असं मी म्हणायचे, आणि दर वेळी त्याला पुन्हा आठवायचं की झालं होतं.

रोझी पांघरूण ओढते, पुढचे पाय त्याच्या छातीवर टाकून वजन देते. तो जागा होतो, तिची मान खाजवतो, झोपतो. तिची माफी मागावी लागत नाही. माझी मागावी लागते. मी माणूस आहे, हीच अडचण आहे.

मग बरा झाला का? नाही. माजी सैनिकांच्या सरकारी खात्यानेच अभ्यास केला होता. नुसत्या सोबतीच्या कुत्र्यांपेक्षा शिकवलेल्या कुत्र्यांमुळे या आजाराची लक्षणं थोडी कमी झाली, पण रोजच्या जगण्यातल्या अडचणींत दोन्हींमध्ये फरक दिसला नाही. 2024 मध्ये 156 आजी-माजी सैनिकांवरचा अभ्यास आला. तीन महिन्यांनी कुत्रा मिळालेले लोक कुत्र्यासाठी यादीत थांबलेल्यांपेक्षा बरे होते, पण कुत्रा कुणाला हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं, म्हणून फरक कुत्र्यामुळेच पडला असं ठामपणे म्हणता येत नाही. मग साधा कुत्रा चालला असता का? मलाही प्रश्न पडतो. पूर्वीची मी तर याला सरळ अमेरिकन थेर म्हणाले असते. सप्तपदी माझ्याबरोबर आणि उपयोगाला आली लॅब्रॅडॉर, असंही मनात येतं. अजून येतं. तो तिच्याशी जे पुटपुटतो ते मला सांगत नाही.

रोझीचं तोंड आता पांढरं व्हायला लागलंय. अशा कुत्र्यांनाही निवृत्ती असते. पुढे काय, म्हटलं की तो विषय बदलतो. मला विचारलंत ते ठीक. त्याला नका विचारू.