राजस्वचं ते पुस्तक घ्यावं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. जूनमध्ये अ‍ॅडमिशनं चालू झाली की दापोलीच्या आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत कोणीतरी विचारतंच, मॅडम ते राजस्वचं, म्हणजे सरकारच्या जमाखर्चाचं, पुस्तक कसं आहे, आधीची मुलं काय म्हणतात. आता मुलं मला तोंडावर काय सांगणार! पण पुस्तक परत आलं की मी पानं चाळते, पेन्सिलीने कडेला लिहिलेलं असतं तेच खरं.

मुख्य रडगाणं भाषेचं. लेखानुदान (पूर्ण बजेट मंजूर होईपर्यंत खर्चाला तात्पुरती परवानगी), संचित निधी (सरकारची मुख्य तिजोरी), विनियोजन विधेयक. विनियोजनच्या बाजूला एकाने लिहिलंय, 'कुटुंब नियोजनाचा भाऊ?' मला हसू आलं, पण चूक त्याची नाहीये, संचित निधीतून पैसा काढायचा तर कायद्याने मंजुरी लागते आणि ती या विधेयकातून मिळते, एवढंच सांगायचं तर लेखकाने तीन पानं घेतलीयत आणि तरी ते नीट सांगितलेलं नाहीच.

आमच्याकडे जुनी आवृत्तीपण आहे, ती चुकूनही नेऊ नका. तिच्यात योजना खर्च आणि योजनेतर खर्च, म्हणजे पंचवार्षिक योजनेतला आणि तिच्याबाहेरचा, यावर अख्खं प्रकरण आहे, ती विभागणी 2017-18 च्या बजेटपासून बंद झाली, रेल्वेचं वेगळं बजेटपण तेव्हाच गेलं. त्या प्रकरणाच्या डोक्यावर कोणीतरी लिहून ठेवलंय, 'हे वारलं.' बरं झालं, पुढच्याचा आठवडा वाचला.

सगळ्यात मळलेलं पान तुटीचं. राजकोषीय तुटीतून, म्हणजे कर्ज सोडून मिळालेल्या पैशापेक्षा सरकारचा जेवढा जास्त खर्च होतो त्यातून, व्याज वजा केलं की प्राथमिक तूट, ते आकड्यांनी छान समजावलंय आणि खाली चार वेगवेगळ्या अक्षरांत 'आयएमपी'. हर्णैची एक मुलगी मात्र म्हणाली, मॅडम आमची आई जेटीवर लिलावात मासळी घेते, आधीचं व्याज फेडायला नवीन उधारी काढली की काय होतं ते तिला विचारा, पुस्तक कशाला. बरोबरच आहे तिचं, फक्त आईला रोखे काढता येत नाहीत, सरकारला येतात.

आणि शेवटचं प्रकरण, स्थानिक संस्थांचं. परीक्षेला कमी येतं म्हणून पानं कोरी करकरीत. नव्या आवृत्तीत तिथे दिलंय की 15व्या वित्त आयोगाच्या (केंद्राचा पैसा राज्यांत आणि स्थानिक संस्थांत कसा वाटायचा ते सुचवणारा) 2021-22 ते 2025-26 च्या ग्रामपंचायतींसारख्या ग्रामीण संस्थांच्या पैशातले 60 टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेलाच, उरलेले 40 अबंधित. त्या पानावर एकच ओळ आहे, बारीक अक्षरात: 'आमची पाखाडी का होत नाही ते आज कळलं, ग्रामसभेत विचारतो.' पाखाडी म्हणजे आमच्याकडची दगडी पायवाट. कोणी लिहिलं माहीत नाही, विचारलं का तेही नाही.

तर नवी आवृत्ती घ्या, नाहीतर आमची न्या. पावसात ओल धरते, जरा पंख्याखाली ठेवा, आणि ते कडेचं पुसून देऊ नका.