टेक्स्टाइल रायडिंग सूट, दुसऱ्यांदा घेतला तेव्हा : माझा अनुभव

माझं माहेर नाशिकचं, राहते इंदूरला, आणि वर्षातून दोनतीनदा तरी ए.बी. रोडने (आग्रा-मुंबई रस्त्याने) गाडीवरच जाते, चारशे किलोमीटरच्या वर होतं. पहिला रायडिंग सूट, म्हणजे दुचाकीवर घालायचं जॅकेट आणि पँट, मी डिसेंबरमध्ये घरबसल्या मागवला होता, जाड कापडाचा, आत रेन लायनर आणि थर्मल लायनर म्हणजे पावसाचं आणि थंडीचं अस्तर, फोटोत फार छान दिसला. आरशासमोर घालून बघितला, फिट बसला, झालं.

मे महिन्यात कळलं. राऊ, महू, मानपूरपर्यंत ठीक होतं पण गणेश घाट उतरलं की माळवा संपतो आणि निमाड सुरू होतो, गरम हवेचा झोतच लागतो अंगाला. खलघाटला नर्मदेच्या पुलापाशी थांबले तेव्हा डोकं गरगरत होतं, शेवटी जॅकेट काढून मागे बांधलं आणि पुढचा सगळा रस्ता नुसत्या टीशर्टवर. म्हणजे ज्यासाठी पैसे घातले तेच अंगावर नाही! आणि दुसरं म्हणजे बसल्यावर पँट इतकी वर चढायची की गुडघ्याचं आर्मर, म्हणजे मार लागू नये म्हणून आत बसवलेलं पॅड, गुडघ्यावर राहायचंच नाही, हाताने ओढून जागेवर आणायचं.

दादा आला होता तो म्हणाला, अगं उभं राहून कोण गाडी चालवतं, बसून बघायचं ना. हे एक वाक्य आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मग या वेळी आम्ही दोघं दुकानात गेलो आणि मी दुकानवाल्याला सरळ विचारलं की बाहेर माझ्या गाडीवर बसून बघू का, तो म्हणाला "बैठ के देख लो दीदी, कोई दिक्कत नहीं". पाच जॅकेटं आणि चार पँटी घातल्या, प्रत्येक वेळी हेल्मेट आणि ग्लोव्ज घालून, हँडल धरून, मान वळवून मागे बघून. माझी उंची पाच फूट दोन इंच, पुरुषांच्या एस साइजमध्ये खांदे बरोबर यायचे पण कोपराचं आर्मर कोपराच्या खाली सरकायचं, आणि पँट कमरेला बसली तर मांडीला घट्ट. बायकांच्या कटिंगचा माल दुकानांत फार कमी ठेवतात, याचा मला खरंच राग येतो, कारण आर्मर जागेवर नसेल तर ते असून नसल्यासारखंच. शेवटी बायकांच्या मापाचं एकच मॉडेल निघालं, दंडावर आणि कोपराखाली आवळायचे पट्टे, गुडघ्याचं आर्मर आतल्या व्हेल्क्रोने वरखाली करता येतं, आणि जॅकेट पँटला मागून चेनने जोडता येतं.

लेबलं दादाने बघायला शिकवली. कपड्यावर ईएन १७०९२ (ईएन म्हणजे युरोपियन मानक) आणि पुढे एएए, एए, ए असा वर्ग असतो, एएए सगळ्यात मजबूत, मी एए घेतलं. आर्मरवर ईएन १६२१-१, लेव्हल १ की २ ते छापलेलं असतं, २ म्हणजे जास्त संरक्षण. पाठीत मात्र बऱ्याच जॅकेटांत नुसता फोम घालून देतात, माझ्यातही तेच होतं, तो काढून ईएन १६२१-२ लेव्हल २ चं बॅक प्रोटेक्टर वेगळं घेतलं. कापडावर ६०० डी लिहिलेलं असतं त्यातला डी म्हणजे डेनिअर, ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममध्ये वजन, पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका, पॉलिएस्टर आहे की कॉर्ड्युरा नावाचं मजबूत नायलॉन तेही विचारा. माझ्या जॅकेटला छातीवर आणि पाठीवर जाळी आहे, खांदे आणि कोपर जाड कापडाचे, कारण पडलं की तेच आधी घासतात.

रेन लायनर आतून लावायचा प्रकार मला पटत नाही, बाहेरचं कापड पाणी पितं, जड होतं, आणि पाऊस आला की रस्त्यावर जॅकेट काढायला लागतं. बाहेरून घालायचा रेनकोट वेगळा घेतला.

जूनमध्ये परत नाशिक. निमाडात जाळीतून वारा येतो खरा पण चाळीसच्या वर पारा असला की तो वाराच गरम असतो, म्हणून ज्युलवानियाला थांबून टीशर्ट भिजवला आणि पुन्हा जॅकेट चढवलं, अर्धा पाऊण तास गारवा टिकला, भरपूर पाणीही प्यायले. बिजासन घाटात पाऊस लागला, दोन मिनिटांत रेनकोट वरून. ज्युलवानियानंतर जॅकेट शिरपूरला चहाला थांबले तेव्हाच काढलं, गुडघ्याचं आर्मर जागेवरच होतं. कॉलर मानेला थोडी घासते अजून, तिथे सुती रुमाल बांधते.