घर मालकाचं, संसार भाडेकरूचा

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी शिरलं. ते ओसरून रस्ते मोकळे झाले तसे विमा कंपन्यांनी आम्हा नुकसान मोजणाऱ्या सर्व्हेअर लोकांकडे क्लेम सोपवायला सुरुवात केली. बाजारपेठेतली दुकानं भरपूर होती, घरं मोजकी. त्या घरांच्या पॉलिसीही बहुतेक गृहकर्जाबरोबर बँकेने काढून घेतलेल्या. मार्कंडीतल्या अशाच एका घरात जे झालं, ते मी आजही भेटेल त्या भाडेकरूला सांगतो.

घर दुमजली. वर मालक, निवृत्त शिक्षक. तळमजल्यावर भाड्याने राहणारं जोडपं आणि त्यांची शाळकरी मुलगी. नवरा लोट्याच्या एमआयडीसीत कामाला. पाणी चढायला लागलं तसं सरांनी तिघांनाही वर घेतलं. मुलीचं दप्तर, कागदपत्रांची पिशवी आणि गॅसचा सिलिंडर, एवढंच त्यांना हलवता आलं.

मी आलो होतो सरांच्या क्लेमसाठी. भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेपर्यंत टेप लावून उंची घेतली. फुगलेल्या चौकटी, उखडलेली फरशी, वायरिंगचे बोर्ड यांचे फोटो काढले. तोवर खालच्या वहिनींनी सगळा संसार अंगणात मांडून ठेवला होता. फ्रिजच्या दाराच्या रबरात चिखल वाळून बसला होता. वॉशिंग मशीनचा ड्रम गाळाने अर्धा भरलेला. कपाटातल्या साड्यांचे रंग एकमेकींना लागलेले, त्यातली लग्नातली पैठणी त्यांनी वेगळी काढून दोरीवर टाकली होती. मी पुढे गेलो की त्या मागून येत. "साहेब, मिक्सर राहिला." "साहेब, ह्या गाद्या याच वर्षी केल्यात, लिहून घ्या ना."

घराचा विमा आहे म्हणजे घरातल्या सगळ्याचाच आहे, अशी त्यांची समजूत होती. म्हटलं, "वहिनी, ही पॉलिसी सरांची. घर त्यांचं, म्हणून घराचं नुकसान मिळेल. वरच्या मजल्यावरचं सामान त्यांचं, ते धरलं जातं. तुमच्या सामानाला वेगळी पॉलिसी लागते. काढली होतीत का?"

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "घर आपलं नाही, तर विमा कशाचा काढणार?"

थोड्या वेळाने सरांनी मला जिन्याजवळ बोलावलं. "असं करा, फ्रिज, टीव्ही, कपाट माझ्या नावावर लिहा. पैसे आले की मी त्यांच्या हातात देईन." त्या माणसाच्या मनात लबाडीचा लवलेश नव्हता. तरी मला नाही म्हणावं लागलं. दुसऱ्याची वस्तू स्वतःची म्हणून दाखवली, तर त्या एका खोट्यापायी त्यांचा सगळाच क्लेम अडचणीत आला असता, आणि माझी सही असलेला रिपोर्टही खोटा ठरला असता. "मग त्यांनी करायचं काय?" त्यांनी विचारलं. तलाठ्याच्या पंचनाम्यात नाव लागलंय ना, तेवढं बघा, याहून जास्त मी काही सांगू शकलो नाही.

मला सगळ्यात जास्त लागलं ते दुसरंच. पुरामुळे घर राहण्यालायक उरलं नाही तर बुडालेलं भाडंसुद्धा सरांच्या पॉलिसीत बसत होतं. म्हणजे भाडेकरू गेल्याची भरपाई आहे, पण भाडेकरूचं जे गेलं त्याची नाही.

आणि सोय नव्हती असंही नाही. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी ठेवणं बंधनकारक झालं होतं. घरमालकाने इमारतीचा विमा काढला की इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, त्याचं स्वतःचं सामान आपोआप धरलं जातं. भाडेकरूला इमारत सोडून नुसत्या सामानाची पॉलिसी घेता येते. आग, पूर, वादळ, भूकंप त्यात येतात. अशा संकटानंतर घर उघडं पडून सात दिवसांच्या आत चोरी झाली, तर तीही येते. पाच लाखांच्या सामानाचा वर्षाचा हप्ता काही शेकड्यांत बसतो. मला राग येतो तो इथे. हप्ता लहान म्हणून एजंटला त्यात रस नाही, बँक फक्त कर्जदाराला गाठते, आणि भाडेकरूपर्यंत कुणी पोचतच नाही.

त्याच दुपारी चिपळुणातल्याच खेंडमध्ये मात्र तसा एक भाडेकरू भेटला. बदलीवर आलेला बँकेतला माणूस, सामानाची पॉलिसी स्वतः होऊन काढलेली. बिलं सगळी वाहून गेलेली. डुप्लिकेट मागावीत तर दुकानदाराच्या वह्या आणि कॉम्प्युटरही पाण्यात. शेवटी त्याच्या बायकोने बहिणीकडून आदल्या वर्षीच्या गणपतीचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवले. मखराच्या डावीकडे फ्रिज, मागे टीव्ही, कोपऱ्यात लाकडी कपाट, आरतीच्या गर्दीआड वॉशिंग मशीन. फोटो मोठा करत करत आम्ही यादी जुळवली. फ्रिजचं मॉडेल तर दारावरच्या स्टिकरवरून कळलं. काही वस्तूंच्या ऑनलाइन ऑर्डर ईमेलमध्ये सापडल्या.

या पॉलिसीत घरगुती सामानाला जुनं म्हणून घसारा लावत नाहीत, तशीच नवी वस्तू घ्यायला लागणारी किंमत धरतात. त्याप्रमाणे मी आकडे लावले. कपाटातली रोकड मिळणार नव्हती, नोटा यात येत नाहीत. बायकोच्या बांगड्याही गेल्या होत्या, पण दागिन्यांचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं आणि ते त्याने घेतलं नव्हतं. दाराशी उभ्या असलेल्या दुचाकीचा क्लेम गाडीच्या वेगळ्या पॉलिसीवर गेला. बाकीचा क्लेम मंजूर झाला.